वर रबर असलेला गोल ट्रे: आठ महिने, दर शनिवारी

जळगावात हायवेला लागून असलेल्या एका गार्डन हॉटेलात मी वेटर आहे. दर शनिवारी साडेसात ते साडेदहा आमच्याकडे लाइव्ह जॅझ असतो. चार जण वाजवतात: सॅक्सोफोन, गिटार, बेस आणि ड्रम. त्या तीन तासांसाठी हा ट्रे मी स्वतःच्या पैशाने घेतला, ७४० रुपयांना.

आधी हॉटेलचे स्टीलचे ट्रे वापरायचो. गेल्या श्रावणात एका शनिवारी ड्रमवाल्या दादांनी काठ्या ठेवून तारांचे ब्रश हातात घेतले होते, बेस एकटाच बोलत होता, आणि मी सहा ग्लास घेऊन निघालो. स्टीलवर काच सरकली, किणकिण झाली. भुसावळहून एक आजोबा दर शनिवारी येतात, रेल्वेतून रिटायर झालेले. ते डोळे मिटून ऐकतात. त्यांनी डोळे उघडले. बोलले काही नाहीत, पण मला रात्री झोप लागली नाही. दुसऱ्याच दिवशी ट्रे शोधायला लागलो.

ट्रे १४ इंची, फायबरचा, काळा. वर खरखरीत रबराचा थर आहे आणि कड बोटाच्या पेराएवढी. पहिल्या दिवशी सहा ग्लास पाऊण भरून ठेवले आणि एका बाजूने दोन बोटं वर उचलला. पाणी हललं, ग्लास हलले नाहीत. ग्लास ठेवतानाही टक्क असा आवाज येत नाही. मला हवं होतं ते हेच.

ज्यांना अशा रात्री वाढायचं काम करायचंय त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण नुसता ट्रे चांगला असून भागत नाही. आमचे सॅक्सोफोनवाले काका तीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये वाजवत होते, त्यांनी मला हे शिकवलं. आधी सगळे मिळून मूळ चाल वाजवतात. मग त्याच चौकटीवर एकेक जण आपलं वाजवतो, आणि शेवटी सगळे पुन्हा मूळ चालीवर येतात. पुष्कळ चाली ३२ मात्राखंडांच्या असतात (एक खंड म्हणजे बहुधा चार मात्रा), आठ-आठचे चार भाग. हे कानात बसलं की कधी चालायचं ते कळतं. सगळे मिळून वाजवत असतात तेव्हा ताटं न्यायची. एकट्याचं वाजवणं संपून टाळ्या पडतात तेव्हा ऑर्डर घ्यायची. ड्रम आणि सॅक्सोफोन चार-चार खंडांचे सवाल-जवाब करतात तेव्हा सिझलर खुशाल न्या, कुणाला ऐकू जात नाही. ब्रश हातात आले की वाजवणं अगदी हळू होतं, तेव्हा जिथे असाल तिथे थांबा. भरलेला ट्रे डाव्या हातावर घेऊन दोन मिनिटं थांबावं लागतं, आणि त्या दोन मिनिटांत या रबराची किंमत कळते. जड ग्लास मधोमध, उंच ग्लास अंगाकडे, आणि ट्रेवरून ग्लास उचलताना आळीपाळीने दोन्ही बाजूंनी.

धुळ्याचे एक पाहुणे मला म्हणाले, "हाई काय वाजी ऱ्हायनं भाऊ?" मी त्यांना काकांनी सांगितलेलं सांगितलं. १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये परदेशातून आलेले जॅझ बँड वाजवायचे, गोव्याचे वादकही हॉटेलांत हे संगीत वाजवू लागले, आणि त्यांतले कित्येक पुढे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गेले. जुन्या गाण्यांत ट्रम्पेट ऐकू येतो तो पुष्कळदा त्याच हातांचा. पाहुण्यांनी खुर्ची स्टेजकडे वळवली आणि शेवटपर्यंत बसले.

आता तक्रारी. तेलापुढे रबर हरतं. शेवभाजीची तर्री सांडली की वाटी स्टीलवर सरकते तशीच इथे सरकते. लगेच पुसावं लागतं. पहिला आठवडाभर रबराचा उग्र वास येत होता, कोमट पाणी आणि साबणाने तीन-चारदा धुतल्यावर गेला. बोअरच्या पाण्याने पांढरे डाग पडतात, काळ्या रंगावर ते लगेच दिसतात. मी लिंबाची फोड चोळतो. तारेची घासणी लावू नका, खरखरीतपणा जातो. आणि एप्रिलमध्ये मी तो गच्चीवर वाळत घातला, दुपारभर विसरलो. आपल्याकडचं ऊन ठाऊकच आहे. एका कडेचं रबर सुटून वर आलं. चिकटवलं, तरी तिथे बोट लावलं की जाणवतं. विकणाऱ्याने बदलून दिला नाही, आणि चूक माझीच होती.

१६ इंचीही मिळतो, पण टेबलं जवळजवळ असतील तर घेऊ नका, खुर्च्यांच्या मधून वळताना अडतो. १४ इंचीत सहा ग्लास नीट बसतात, सातवा बसवायला जाऊ नका. घरी पाहुण्यांना चहा द्यायला घेणार असाल तर एवढा खर्च कशाला, साधा ट्रे पुरतो.

गेल्या शनिवारी पुन्हा बेस एकटा वाजत होता. आजोबांच्या टेबलावर मी कोकम सोडा ठेवला आणि मागे सरलो. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले, ग्लास पाहिला, आणि उचलला.