खिमा जाड दळायचा की बारीक?

खिम्याच्या मशीनबरोबर दोन-तीन जाळ्या येतात. त्यातली कोणती लावायची हे मटण बघून नाही, पदार्थ बघून ठरवा. खिमा कढईत सुटा राहायला हवा की त्याचा आकार टिकायला हवा, एवढाच प्रश्न आहे.

खिमा-पाव किंवा खिमा-मटार करायचं असेल तर 8 मिमी भोकांची जाळी. शिजताना खिमा आक्रसतो. दाणा मुळात जाड असला तर आक्रसूनही दाताखाली लागतो. 3 मिमीचा मात्र कांदा-टोमॅटोत हरवून जातो आणि पावावर लगदा उरतो. जाड खिम्याला शिजायला वेळ जास्त लागतो, कारण चिवट शिरा त्यात तितक्या तुटलेल्या नसतात. मंद आचेवर झाकण ठेवून शिजवण्याची तयारी नसेल तर जाडच्या वाटेला जाऊ नका.

सीख कबाबाचं उलट. जाड दाणा सळईवर धरत नाही, निखाऱ्यावर गळून पडतो. इथे 3 मिमी, आणि तेही दोनदा: आधी 8 मधून, मग 3 मधून. एकदम बारीक जाळीत घातलं तर शिरा पात्याला गुंडाळतात. दळल्यावर मीठ घालून मळलं की खिमा चिकट होतो आणि कबाब धरून राहतो. बोकडाच्या मटणात चरबी कमी असते. खाटकाला सांगून थोडी वेगळी मागून घ्या, नाहीतर कबाब कोरडे होतील.

शामी कबाबाला हा सगळा खटाटोप नको. मटण आणि चणाडाळ शिजवून मग वाटायची असते, तिथे मिक्सर उत्तम. कच्च्या मटणाला मात्र मिक्सर नाइलाजाचा: कडेला पेस्ट, मध्ये अख्खे तुकडे. त्यापेक्षा धारदार सुरी बरी. जाड खिमा हाताने कापलेलाच मला जास्त आवडतो, आणि गोव्याच्या चोरिस या सॉसेजसाठीही डुकराचं मांस परंपरेने हाताने बारीक तुकडे करूनच घेतात.

जाळी कोणतीही लावा, मटण गार हवं. दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा, जाळी आणि पातंही. नीट चाललं असेल तर जाळीतून लाल-पांढऱ्या सुट्या शेवया पडतात. फिकट गुलाबी चिखल यायला लागला की चरबी वितळतेय किंवा पात्यात शिरा अडकल्यात. मशीन बंद करून प्लग काढा, पातं साफ करा. जोर लावून दाबू नका.

एकच जाळी घ्यायची तर 5 मिमीच्या आसपासची. तिच्यात रोजचा खिमा आणि पॅटीस दोन्ही निभतात, चिकनलाही तीच बरी; चिकन फार बारीक दळलं की रबरासारखं लागतं.

दळताना वरचे जंतू आतपर्यंत मिसळतात. म्हणून खिमा त्याच दिवशी वापरा, आणि कबाब आतून 71 अंश सेल्सिअसपर्यंत, चिकनचा असेल तर 74 पर्यंत शिजू द्या.