संपादन विनंती: विकिपीडियावर उघडपणे काम करणाऱ्यांसाठीची सोय

कंपन्यांना आणि संस्थांना विकिपीडियाबाबत सल्ला देणे हाच ज्याचा व्यवसाय आहे, त्याची सारी भिस्त इंग्रजी विकिपीडियावरील एका मोफत सोयीवर असते, ती म्हणजे लेखाच्या चर्चा पानावर (लेखाबद्दल चर्चा करण्यासाठी त्याला जोडलेल्या पानावर) नोंदवायची संपादन विनंती. मोबदला घेऊन संपादन करणाऱ्याने तो कोणाकडून व कोणासाठी घेतला हे जाहीर करावे, ही अट विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने जून २०१४ मध्ये वापराच्या अटींतच घातली. इंग्रजी विकिपीडियाचे संकेत याहून कडक आहेत, कारण अशा व्यक्तीने लेखात थेट बदल करण्यापासून ते तिला ठामपणे परावृत्त करतात. म्हणून आपण नेमका बदल, त्याचे कारण आणि स्वतंत्र संदर्भ मांडायचा. व्यवहाराशी संबंध नसलेला स्वयंसेवक तो पडताळून मान्य, अंशतः मान्य किंवा अमान्य करतो.

या सोयीत मला सर्वाधिक मोलाचा वाटतो तो नकार. तो बहुधा सकारण असतो, सर्वांना वाचता येतो आणि अशिलापुढे जसाच्या तसा ठेवता येतो.

मोठा दोष विलंबाचा आहे. रांग लांब असते आणि कित्येकदा महिने लोटतात. लांबलचक मजकूर कोणी हाती घेत नाही, तर एकच बदल आणि एकच भक्कम संदर्भ असलेली विनंती त्यामानाने लवकर निकाली निघते. समोरची व्यक्ती विनामोबदला वाचत असल्यामुळे थोडक्यात लिहिणे हे आपले कर्तव्यही आहे. विलंबाच्या या दोषासाठी या सोयीचा पाचपैकी एक गुण मी कमी करतो.

लपूनछपून चालणाऱ्या कामाचे काय होते, हे २०१५ मध्ये उघड झालेल्या ‘ऑरेंजमूडी’ प्रकरणात दिसले: ३८१ खाती बंद झाली आणि २१० लेख वगळले गेले. लेखाचा मसुदा नाकारला गेलेल्या व्यावसायिकांना गाठून पैसे मागणे, आणि लेख प्रसिद्ध झाल्यावर तो टिकवण्यासाठी पुन्हा मागणे, अशी ती पद्धत होती. फसलेल्यांत लहान व्यावसायिकही होते, याचे मला फार वाईट वाटते.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांनी शुल्क अभ्यासाचे आणि मसुद्याचे घ्यावे, विनंती मान्य होण्याचे नव्हे. आणि विनंती अमान्य झाली तरी शुल्क देय राहील, हे करारात आधीच लिहून घ्यावे.