मॉड्युलर सिंथ की कॉम्प्युटर?

इलेक्ट्रॉनिक संगीतासाठी मॉड्युलर सिंथ (सुटे भाग केबलने एकमेकांना जोडून आवाज घडवायचं वाद्य) जमवावा की कॉम्प्युटरवरच भागवावं, या पेचात मी बराच काळ होतो. शेवटी दोन्ही वापरून झालं. मॉड्युलर अजून टेबलावर आहे, एवढं आधीच सांगून टाकतो.

त्याचं सुख वेगळंच. एका हाताने फिल्टर, म्हणजे आवाज उजळ-मंद करणारा भाग, उघडत दुसऱ्या हाताने पिच (स्वराची उंची) ओढता येते. केबल चुकून भलत्याच भोकात गेली, तर ठरवून कधी सुचला नसता असा आवाज निघतो. सिंथ बनवणारे रॉबर्ट मूग यांनी 1964 मध्ये रुळवायला घेतलेला ‘सप्तकाला एक व्होल्ट’ हा हिशेब आजही चालतो: एक व्होल्ट वाढवला की स्वर एक सप्तक वर जातो. म्हणजे एका अर्धस्वराला जेमतेम 83 मिलिव्होल्ट. गोम तिथेच आहे. खोली तापली की अॅनालॉग ऑसिलेटर, म्हणजे मूळ स्वर काढणारा भाग, सुरातून सरकतो, आणि दोन-चार मिलिव्होल्टसुद्धा कानाला टोचतात.

एका लघुपटासाठी मी त्याच्यावर एक खर्जातला घुमारा केला होता. पंधरा दिवसांनी निरोप आला: ‘तोच आवाज आठ सेकंद वाढवून द्या.’ पॅचचे, म्हणजे केबल-नॉबच्या त्या मांडणीचे, फोटो काढून ठेवले होते. सगळ्या केबल जागच्या जागी लावल्या, नॉब फोटोप्रमाणे फिरवले. आवाज आला, पण तो नव्हे; जुळा भाऊ म्हणावा असा. जोड दिला तिथे घुमारा चक्क कूस बदलत होता. नॉब कुठे रोखलाय ते फोटोत दिसतं, केसभर इकडे की तिकडे ते दिसत नाही. अख्खी रात्र गेली आणि शेवटी सगळा तुकडाच नव्याने करावा लागला.

हे दुखणं जुनंच. 1970 च्या मिनीमूग या सिंथला स्मरणशक्तीच नव्हती. वादक नॉबच्या जागा कागदावर मांडून ठेवत. 1978 मध्ये प्रॉफेट-5 हा सिंथ आला, त्यात 40 आवाज साठवता येत. सिंथच्याही आधी टेपवरचे आवाज कापून जोडत संगीत करणारी मंडळी या बाबतीत सुखी म्हणायची. सेकंदाला 38 सेंटिमीटर फीत ब्लेडने कापणं हे कष्टाचं काम, पण चिकटवलं ते चिकटलं.

कॉम्प्युटरवर प्रोजेक्ट उघडला की सगळे आकडे जसेच्या तसे. माउसने एका वेळी एकच नॉब फिरतो, हा वैताग खरा. तयार आवाज ऐकण्यात संध्याकाळच्या संध्याकाळी वाया जातात, तेही खरं. शिवाय अपडेटनंतर एखादं प्लगइन (आवाज काढणारा जोड-प्रोग्राम) रुसतं, म्हणून प्रत्येक ट्रॅक ऑडिओ करून ठेवायची सवय लावून घ्यावी लागते.

मंचावर वाजवायचं असेल किंवा स्वतःपुरतंच काही शोधायचं असेल, तर कदाचित मॉड्युलर जास्त रमवेल. पण ‘एवढं जरा बदला’ असं म्हणणारं कुणी समोर असेल, तर मला वाटतं आधी कॉम्प्युटर घ्यावा, सोबत नॉबवाला एखादा छोटा मिडी कंट्रोलर, म्हणजे कॉम्प्युटरमधले नॉब हाताने फिरवायची पेटी. मॉड्युलरवर मी हल्ली आवाज शोधतो आणि सापडला की लगेच, केबल न हलवता, लागेल त्याच्या तिप्पट लांबीचा रेकॉर्ड करून घेतो.