स्लॅबला ओपीसी ५३ की पीपीसी?

जळगाव-भुसावळकडे भर मे महिन्यात स्लॅब टाकायचा म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो. ओपीसी म्हणजे साधं पोर्टलँड सिमेंट (५३ हा त्याच्या ताकदीचा ग्रेड), पीपीसी म्हणजे राख मिसळलेलं पोर्टलँड पोझोलाना सिमेंट. गोणीवरचं 'सुपर-पॉवर' सोडा, आत काय आहे ते बघा. पीपीसीत १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश असते. भुसावळजवळ दीपनगरच्या वीज केंद्रात कोळसा जळून उरते तसलीच बारीक राख. सिमेंटला पाणी लागलं की चुना सुटतो. ओपीसीत तो तसाच पडून राहतो, पीपीसीत राख त्याला हळूहळू बांधून घेते. त्यामुळे काँक्रीट घट्ट होताना उष्णता कमी निघते, आणि पुढे ओल, क्षार कमी शिरतात.

मेख त्या 'हळूहळू'त आहे. कोरड्या उन्हात ओपीसीला किमान १० दिवस पाणी, पीपीसीला १४. पाचव्या दिवशीच स्लॅबवर पाणी साठवायला केलेली आळी कोरडी पडली तर राखेचं काम अर्धवट. वरचा थर खिळ्याने खरवडला की भुकटी निघते. ओपीसीत साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे (दोन आधारांमधल्या अंतराचे) टेकू ७ दिवसांनी निघतात. पीपीसीत, त्यातून धुळ्याच्या जानेवारीतल्या थंडीत, इंजिनिअरला विचारून मुदत वाढवा.

दरात पीपीसी बहुधा स्वस्त.

पाणी हाताशी असेल, घाई नसेल तर पाया, स्लॅब, गिलावा सगळं पीपीसीत करा. सेंट्रिंग (टेकू-फळ्या) लवकर मोकळं हवं असेल तर ओपीसी. पाण्यात मात्र तिथेही काटकसर चालत नाही.