मधुमालतीचं रोप ऑनलाइन मागवलं होतं, दीड वर्षानंतरचा रिव्ह्यू

रेटिंग ४/५. रोप आलं त्याच महिन्यात लिहिलं असतं तर एकच स्टार दिला असता आणि ते रोपावर अन्याय झालं असतं, कारण लिस्टिंगमध्ये वेल लिहिलेलं आणि बॉक्समधून निघालं वीतभर उंचीचं सरळ झुडूप, ना तणावे ना कशाला धरायची धडपड. कितीतरी महिने ते तसंच ताठ उभं होतं, मला वाटलं भलतंच काहीतरी पाठवलंय. पण मधुमालती लहानपणी झुडपासारखीच वाढते, मग एकदम लांबच लांब फांद्या फेकायला लागते, तेव्हा कुठे ती वेल दिसते. ज्यांनी "हा वेल नाहीच" म्हणून रिव्ह्यू टाकलेत त्यांनी प्लीज थोडं थांबा!

तणावे हिला शेवटपर्यंत येत नाहीत. पान गळतं पण देठाचा खालचा भाग फांदीवरच राहतो आणि कडक होऊन चक्क काटा बनतो, त्या काट्यांनी अडकत अडकत ती वर चढते. छाटताना हातमोजे घालाच. आधार मजबूत द्या, सुतळीवर भागत नाही, वेल सहज ८ मीटरपर्यंत जातो.

आणि फुलं! संध्याकाळी उमलतात तेव्हा पांढरी, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग गडद लाल, त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग लोंबत असतात. काल अंधार पडताना जवळ जाऊन बघितलं तर ताज्या फुलाची नळी माझ्या मधल्या बोटाएवढी लांब, वास गोड. मध तिच्या पार तळाशी, तिथपर्यंत पोचायला तेवढीच लांब सोंड लागते, म्हणून रात्री मोठे पतंग येतात आणि दिवसा लाल झालेल्या फुलांवर मधमाश्या, पक्षी.

एक स्टार कापलाय तो लेबलसाठी. साइटवर मधुमालती आणि कुंडीवर "माधवीलता", हे दोन वेगळे वेल आहेत हो! माधवीच्या पाकळ्या झालरीसारख्या, एका पाकळीवर पिवळा डाग, फळाला तीन पंख. मधुमालतीच्या फळाला पाच धारा असतात. शास्त्रीय नाव दिलं असतं तर घोळच झाला नसता, कॉम्ब्रेटम इंडिकम, जुन्या पुस्तकांत क्विस्क्वॅलिस इंडिका (लॅटिनमध्ये क्विस्क्वॅलिस म्हणजे "कोण? कसं?", आणि हे झुडूप की वेल हे बघताना मला ते अगदी पटलं). कूळ हिरडा, बेहडा, अर्जुनाचं, हे मला फार आवडलं. सिंगल फूल की डबल हेही लिहिलेलं नव्हतं, मला सिंगल हवं होतं आणि सिंगलच आलं.

रंगूनचा वेल म्हणतात म्हणून ती फक्त तिकडचीच असं नाही, आफ्रिकेच्या उष्ण भागापासून भारत, आग्नेय आशिया ते थेट उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत ती मुळातच आहे. कडाक्याची थंडी पडते तिथे मात्र घेऊ नका. जमिनीत लावणार असाल तर मुळांतून फुटवे येतात, ते वेळच्या वेळी काढा नाहीतर सगळी जागा व्यापते. फुलं नव्या फुटीवर येतात, बहर संपला की बिनधास्त छाटा.

पॅकिंग उत्तम, मातीचा गोळा अजिबात फुटला नव्हता.