कुंभारगावची नावफेरी: मार्चमध्ये जा, बेटावर उतरू नका

उजनी धरणाच्या फुगवट्यावरच्या भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) बघायला जानेवारीत झुंबड उडते. पण तिथल्याच कुंभारगावहून नाव घ्यायचीच तर मार्चचा दुसरा-तिसरा आठवडा धरा. उत्तरेकडे निघालेले पाहुणे अजून पुरते गेलेले नसतात, आणि उजनीचं पाणी ओसरून उघड्या पडलेल्या बेटांवर इथल्या पक्ष्यांची वीण सुरू झालेली असते.

कुरवांकडे (सीगल) नीट बघा. थंडीत तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या कानामागे नुसता गडद ठिपका असतो. मार्चमध्ये एकाच थव्यात कुणाचं डोकं अर्धं रंगलेलं, तर कुणाचं पुरतं तपकिरी दिसतं. पट्टकादंब हंस बघायचे असतील तर फार उशीर करू नका, महिनाअखेरीस ते सापडणं नशिबाचं. गळ्यात रंगीत पट्टा दिसला तर रंग आणि त्यावरची अक्षरं टिपून घ्या. मंगोलियात असे पट्टे घातलेले हंस भारतात दिसलेले आहेत.

नावा मच्छीमारांच्याच. डोक्यावर सावली असेलच असं नाही, म्हणून टोपी आणि पाणी हवंच. सूर्य उगवताना पाण्यात असलात तर उत्तम. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि महागडी लेन्ससुद्धा धूसर फोटो देते. दुर्बीण ८ बाय ४२ ची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुरे. १० पटीची घेतली तर नावेच्या हेलकाव्यांनी पक्षी नुसता नाचतो.

खरी परीक्षा नावाड्याची. चांगला नावाडी लांबूनच इंजिन बंद करतो. खाली घातलेल्या माना वर काढून सगळे रोहित एकाच दिशेनं चालू लागले, तर नाव जास्तच जवळ गेली म्हणून समजा. त्यांना उडायला पाण्यावर बरंच धावावं लागतं. ‘उडवून दाखवू का?’ असं कुणी विचारलं तर सरळ नाही म्हणा.

बेटावर तर पाऊलच नको. नदी सुरय (रिव्हर टर्न) या पक्ष्याचं घरटं म्हणजे वाळूतला उथळ खळगा आणि त्यात दोन-तीन ठिपकेदार अंडी. पायाखाली येईस्तोवर दिसत नाहीत. चिरडली नाहीत तरी जोडी उडून गेली की उन्हात तापतात. टिटवी पोटाची पिसं भिजवून अंड्यांवर बसते, ती त्याचसाठी. सुरय डोक्यावर ओरडत झेपावू लागला की नाव मागे घ्यायला सांगा.

भाडं माणशी की नावेमागे, वेळ किती, लाइफ जॅकेट आहे का आणि इंजिन कुठे बंद करणार, हे सगळं काठावरच ठरवून घ्या.