ठेकेदार संघटनेचं सभासदत्व: वर्षभराचा अनुभव (ठाणे)

नूतनीकरणाचा फॉर्म टेबलावर पडून होता. भरायचा नाही असं जवळपास ठरलंच होतं, तेवढ्यात अडकलेल्या आरए बिलाचा (काम चालू असताना झालेल्या कामापुरतं लावलेलं बिल) पहिला चेक आला. म्हणून सविस्तर लिहितो. मी मानपाडा ते कासारवडवली पट्ट्यात आरसीसीची (स्लॅब, कॉलमसारखी सळई-काँक्रीटची) कामं घेतो, साहित्य-मजुरीसकट. खाली तक्रारही आहे, त्यामुळे संघटनेचं नाव देत नाही.

वर्षाची फी एका मिक्सरभर एम-२५ काँक्रीटपेक्षा कमी आहे. तरी सुरुवातीचे महिने मला ती जड वाटली, आणि त्याला कारण एकच: व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. वाढदिवस, सत्कार, सणांच्या शुभेच्छा, आणि त्यातच कुठेतरी कामाची सूचना. घोडबंदर रोडवर अवजड वाहनांच्या वेळा बदलल्याचं पत्रक ग्रुपवर आलं होतं, पण कुणाच्या तरी वाढदिवसाखाली गाडलं गेलं. इकडे माझा स्लॅब सुरू आणि मिक्सर गाड्या नाक्यावर अडवलेल्या. आयएस ४९२६ या भारतीय मानकाप्रमाणे आरएमसी (प्लांटवरून येणारं तयार काँक्रीट) गाडीत भरल्यापासून दोन तासांत उतरवायची असते. रिटार्डर (काँक्रीट उशिरा घट्ट होण्यासाठीचं रसायन) असेल तरच जास्त वेळ मिळतो. एक गाडी परत पाठवावी लागली, तिचं बिल माझ्याच नावावर लागलं, आणि स्लॅब मधेच जॉइंट घेऊन थांबवला. शुभेच्छा वेगळ्या ग्रुपवर टाका, हे मी कार्यालयात तोंडी सांगितलं, लेखीही दिलं. उत्तर मिळालं, "सगळे आपलेच सभासद आहेत, कुणाला बोलायचं?" या उत्तराचा राग अजून गेलेला नाही. ज्या सूचनेवर माणसाचा पैसा अवलंबून आहे ती त्याला दिसेल अशी देणं हे संघटनेचं पहिलं काम आहे.

नोव्हेंबरपर्यंत माझं मत असंच होतं. ते जीएसटीच्या पत्रकाने बदललं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. लगेच बिल्डरचा फोन: सिमेंट स्वस्त झालंय, रेट कमी करा. संघटनेच्या कर सल्लागाराने दोन पानांचं पत्रक काढलं, आकडे मांडून. आपण वर्क्स कॉन्ट्रॅक्टवर (साहित्य-मजुरी एकत्र असलेल्या कामावर) १८ टक्के लावतो आणि सिमेंटवर भरलेल्या कराचं इनपुट क्रेडिट घेतो, म्हणजे तो कर आपल्या भरायच्या करातून वजा करतो, मग तो २८ असो की १८. म्हणजे आपला मूळ खर्च बदललेला नाही; सुरुवातीला कमी पैसे अडकतात, एवढाच फायदा. शिवाय आरएमसीवर आधीपासून १८ टक्केच होता. क्रेडिट मिळत नाही ते बिल्डरला, कारण एप्रिल २०१९ पासून नव्या घरांवर तो क्रेडिटशिवाय ५ टक्के, परवडणाऱ्या घरांवर १ टक्का भरतो. त्याची अडचण खरी आहे, पण ती माझ्या रेटमधून भागवायची नाही. पत्रक पुढे ठेवलं आणि विषय मिटला. वर्षाची फी इथेच वसूल झाली.

आता बिलाचं. बाजार मंदावला की बिल्डर आधी ठेकेदाराचं पेमेंट थांबवतो. चहाच्या टपरीवर जो तो सांगतो, उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) आहे ना, टाक तक्रार सरकारच्या समाधान पोर्टलवर. एमएसएमई विकास कायदा, २००६ मध्ये ४५ दिवसांची मुदत आहे, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे, हे बरोबर. पण संघटनेच्या वकिलांनी आधी माझी वर्क ऑर्डर मागून घेतली आणि स्पष्ट सांगितलं: नुसता माल किंवा नुसती सेवा असती तर ठीक, साहित्य-मजुरी एकत्र असलेली कामं मुंबई उच्च न्यायालयाने या कायद्याबाहेर ठरवलेली आहेत. तिथे गेलो असतो तर वेळ आणि पैसे दोन्ही गेले असते. त्यांनी संयुक्त मोजमाप करून सही घ्यायला लावली, करारातल्या लवादाच्या कलमाचा हवाला देऊन पत्र काढायला लावलं. मग आमच्या एका ज्येष्ठ सभासदाने बिल्डरांच्या संघटनेतल्या ओळखीच्या माणसाला मधे घेऊन बैठक लावली. रिटेन्शन (बिलातून राखून ठेवलेली रक्कम) सोडून बाकी रक्कम हप्त्यांत मिळायला लागली आहे.

जुन्या सभासदांशी बोलताना २०२० च्या कोविडकाळाचा विषय निघतोच. तेव्हा बिल्डरांना बरंच मिळालं: प्रकल्प पूर्ण करायला महारेराची सहा महिन्यांची मुदतवाढ, मुद्रांक शुल्क ५ वरून २ टक्के. सरकारी ठेकेदारांनाही केंद्राने मुदतवाढ दिली आणि परफॉर्मन्स सिक्युरिटी (काम नीट होईल याची हमी म्हणून ठेवायची रक्कम) ३ टक्क्यांवर आणली. खासगी बिल्डरकडे काम करणाऱ्या छोट्या ठेकेदाराच्या वाट्याला काय आलं? बिल्डरची मुदत वाढली तरी आपल्या करारातला उशिराचा दंड तसाच राहिला. तो संकटकाळात आपोआप थांबावा आणि स्टील-सिमेंटच्या भाववाढीचं कलम प्रत्येक करारात असावं, यासाठी संघटनेने बिल्डरांच्या संघटनेशी नमुना करार ठरवला पाहिजे. माझ्या मते बाकी सगळ्या कार्यक्रमांपेक्षा हे मोठं काम आहे, आणि ते अजून सुरूही झालेलं नाही.

बांधकाम कामगारांच्या सरकारी नोंदणीचं शिबिर मात्र अगदी साइटवर येऊन घेतात. १८ ते ६० वय आणि वर्षात ९० दिवसांचं काम लागतं. त्या कामाचा दाखला ठेकेदाराला देता येतो. २०२१ च्या निर्बंधांत राज्याने १५०० रुपये दिले ते बांधकाम कामगारांपैकी नोंदणी असलेल्यांनाच. माझ्या गँगमधल्या बऱ्याच जणांची तेव्हा नोंदणी नव्हती, आता आहे.

अपडेट: हे लिहून ठेवलं होतं, तेवढ्यात कार्यालयाने फक्त सूचनांसाठी वेगळा ग्रुप काढला. चांगलं झालं. पण पत्रकं अजून मोबाइलवर फोटो काढून टाकतात, नंतर शोधायला गेलं तर सापडत नाहीत. पीडीएफ टाका, वर तारीख आणि विषय लिहा.

नूतनीकरण केलं, एक वर्षाचंच. आजीव सभासदत्वाचा आग्रह होतोय. नमुना करार हातात आल्याशिवाय मी ते घेणार नाही. तुमचं मासिक बिलिंग असेल आणि बिल्डर एक-दोनच असतील, तर पहिलं बिल अडकायच्या आधी सभासद व्हा, आणि वर्क ऑर्डर सही करण्यापूर्वी वकिलांना दाखवा. त्याची वेगळी फी घेत नाहीत.